गड राज्याचा, गढी घराण्याची

'गढी' हे 'गड' या शब्दाचे लघुरूप. पण इतिहासात या दोन वास्तू एकमेकींच्या लहान-मोठ्या आवृत्त्या नाहीत. त्या सत्तेच्या दोन निराळ्या कल्पनांच्या खुणा आहेत. हे पाहायचे तर वराळे, तळेगाव दाभाडे, इंदोरी या इंद्रायणीकाठच्या मावळी टापूइतकी सोयीची जागा दुसरी नाही. याच तालुक्यात पश्चिमेला लोहगड आहे आणि इकडे इंदोरीत सेनापती खंडेराव दाभाडे यांची भुईकोट गढी.

शिवकालीन गड ही कोणा एका सरदाराची मालमत्ता नव्हती. हवालदार, सरनोबत, सबनीस असे अधिकारी गडावर नेमलेले असत. ते वेगवेगळ्या जातींचे असावेत, एकाच्या हाती सारा गड जाऊ नये, अशी ती व्यवस्था होती. दुसऱ्या बाजूने, वतनदारांनी गावोगाव बांधलेले हुडे-कोट शिवाजी महाराजांनी पाडले, त्यांना साध्या घरांत राहावयास लावले, असे सभासदाची बखर सांगते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही वतनदारांविषयी हीच सावध नजर आहे. मुलखात तट असावा तो राज्याचा. घराण्याचा नव्हे, हे त्यामागचे सूत्र.

महाराजांच्या मृत्यूनंतर अवघ्या चार दशकांत इंदोरीला गढी उभी राहिली. ती बंडखोराने नव्हे, खुद्द राज्याच्या सेनापतीने बांधली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मधल्या काळात औरंगजेबाशी झालेल्या दीर्घ युद्धाने राज्याची घडी बदलली होती. मध्यवर्ती खजिना रिता होता; सरदारांनी स्वतःच्या हिमतीवर फौजा उभारल्या, मुलूख मारले, आणि राज्याने त्यांना ते मुलूख सरंजाम म्हणून तोडून दिले. खंडेरावांना शाहू महाराजांनी १७१७ मध्ये सेनापतिपद दिले. १७२० च्या बाळापूरच्या लढाईत त्यांच्या हाताखाली दमाजी गायकवाड नावाचा शिलेदार नावारूपाला आला. गुजरातच्या मोहिमांतून दाभाड्यांचे वैभव वाढले. इंदोरीचा दगडी, वर विटांचा भव्य दरवाजा हा त्या वैभवाचा उद्गार आहे. डोंगरावरचा दरवाजा शत्रूला वाट सापडू नये म्हणून वळणात लपवतात. गढीचा दरवाजा लोकांना दिसावा म्हणून बांधलेला असतो.

घराण्याची सत्ता मात्र घराण्याइतकीच टिकते. १७२९ मध्ये खंडेराव वारले. गुजरातेवरून बाजीराव पेशव्याशी वितुष्ट आले आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत त्यांचा पुत्र त्रिंबकराव मारला गेला. पुढे सेनापतिपद यशवंतरावांकडे आले, तरी कारभाराची खरी सूत्रे खंडेरावांच्या पत्नी उमाबाईंकडे होती. अभोण्याच्या ठोके देशमुखांची ही कन्या दोन दशके घराणे सावरून होती.

नानासाहेब पेशव्याने गुजरातच्या उत्पन्नाचा निम्मा हिस्सा मागितला तेव्हा १७५० मध्ये उमाबाई त्याला आळंदीला भेटल्या. भेट निष्फळ ठरली. उमाबाईंनी ताराबाईंची बाजू घेतली आणि दुसरा दमाजी गायकवाड त्यांच्या वतीने साताऱ्याकडे चालून गेला. १७५१ मध्ये पेशव्याने त्याला पकडले. दाभाडेही कैद झाले. दमाजीला ठेवले ते लोहगडावर. गढीचा पक्ष हरला आणि त्याची कैद गडावर झाली, एवढ्यात त्या शतकाची गोष्ट सामावते. १७५२ मध्ये दमाजीने पेशव्याशी तह करून आपली सुटका करून घेतली. गुजरात दोघांत वाटला गेला आणि दाभाडे बाजूला पडले. उमाबाई १७५३ मध्ये निवर्तल्या. सेवकाच्या घराण्याने पुढे बडोद्याला राज्य केले, १८९० मध्ये लक्ष्मीविलास राजवाडा पूर्ण केला. धन्याच्या घराण्यामागे इंदोरीची गढी राहिली.

याचा अर्थ गडाची कल्पना जिंकली असा घ्यावा काय? तसे म्हणता येत नाही. दमाजीला कोंडणारा लोहगड तोवर छत्रपतींच्या नव्हे, पेशव्यांच्या हुकुमात होता. पुढे नाना फडणविसांनी त्याला आपल्या विश्वासातल्या माणसांच्या हाती दिले. गड जागच्या जागी राहिला, पण त्याचा अर्थ हळूहळू गढीचाच झाला. तळच्या सपाटीवर जे उघडपणे घडले, तेच माथ्यावर गाजावाजा न होता घडले.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशात नोंदवले. त्यांत लोहगड आहे, आणि ते योग्यच आहे. इंदोरीचे नाव त्यांत नाही, याचीही तक्रार करण्याचे कारण नाही. चिंता वेगळीच आहे. आपले दुर्गप्रेम आणि आपले ऐतिहासिक ललित लेखन बहुतांशी डोंगरमाथ्यावर रमते. शिवकालातून आपण थेट शनिवारवाड्यात उतरतो. मधल्या सेनापतींचा, शिलेदारांचा, उमाबाईंसारख्या कारभारणीचा काळ वाचकाच्या हातून निसटतो. परिणामी राज्य कसे उभे राहिले हे आपल्याला तोंडपाठ असते, पण ते घराण्याघराण्यांत कसे वाटले गेले हे ठाऊक नसते. हा दुसरा धडा अभिमानाचा नाही, म्हणूनच तो कोणी मुद्दाम शिकवीत नाही. गढ्यांच्या विटा ढासळत आहेत तोवर तो वाचून घ्यायला हवा.