‘ख्रिस्तायन’ आणि दोन वाचकवर्ग : मराठी ख्रिस्ती लेखकाच्या लेखननिष्ठेचा प्रश्न

१९३८ साली ‘ख्रिस्तायन’ ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, तेव्हा ते रचणाऱ्या दोघांपैकी कोणीही हयात नव्हते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९०९ मध्ये या काव्याला आरंभ केला आणि जेमतेम दहा अध्यायांपर्यंत ते नेले. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिले. त्यांचेही निधन १९३६ मध्ये झाले. मराठी वाङ्मयेतिहासात या ग्रंथाची नोंद बहुधा एका वाक्यात आटोपते. ‘स्मृतिचित्रे’ मात्र मराठी आत्मचरित्राचा मानदंड ठरले. एकाच लेखिकेच्या दोन ग्रंथांच्या वाट्याला इतके भिन्न भागधेय यावे, याचे स्पष्टीकरण केवळ गुणवत्तेच्या तारतम्याने देता येईल असे नाही. ख्रिस्ती श्रद्धेतून मराठीत लिहिणाऱ्याने कोणाच्या भरवशावर लिहावे, आणि दाद मिळण्याची शाश्वती नसताना त्याची लेखणी कशाच्या आधाराने चालू राहते, हा प्रश्न या विषमतेत दडलेला आहे.

या प्रश्नाला मराठीत मोठा पूर्वेतिहास आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. जुनी पुराणे हातून गेली, आता तशाच गोडीचे काहीतरी मराठीत हवे, ही नवख्रिस्ती श्रोत्यांची मागणी ग्रंथातच नोंदलेली आहे. म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या रचनेला आरंभापासून श्रोता होता. नव्हती ती मुद्रणाची अनुकूलता. स्थानिक लिपीचे खिळे पाडावेत अशी इच्छा स्टीफन्स यांनी १६०८ च्या पत्रात आपल्या वरिष्ठांना कळवली होती. ती फळाला आली नाही आणि मराठी ओवी रोमन लिपीत छापावी लागली. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. सतराव्या शतकातील छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून आणि भाविकांच्या पठणातून. १९०७ मध्ये मंगळूरहून सालढाणा यांनी काढलेली आवृत्ती अशा हस्तलिखितांवरच उभी आहे. या आवृत्तीनंतर दोनच वर्षांनी टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले, हा कालक्रम सूचक वाटतो. परंतु केवळ कालक्रमावरून प्रेरणा सिद्ध होत नाही. दोघांनाही ओवीकडेच जावे लागले, एवढे मात्र निःशंकपणे म्हणता येते.

एकोणिसाव्या शतकात परिस्थिती पालटली. मुद्रण हाताशी आले, पण श्रोत्याची एकसंधता गेली. बाबा पदमनजींच्या (१८३१–१९०६) लेखनापुढे दोन वाचकवर्ग उभे होते. एक ख्रिस्ती समाजाचा : संख्येने लहान, बराचसा नवसाक्षर, आणि पुस्तकाकडे उपासनेच्या व उपदेशाच्या दृष्टीने पाहणारा. दुसरा व्यापक मराठी वाचकांचा : ख्रिस्ती लेखकाचे पुस्तक उघडण्यापूर्वीच त्यात धर्मांतराचा हेतू शोधणारा. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) हे या कात्रीत सापडलेले ठळक उदाहरण होय. हिंदू विधवांच्या स्थितीचे इतके जवळून केलेले चित्रण त्या काळच्या मराठी गद्यात दुर्मिळ होते. तरीही ‘प्रचारकी’ हे विशेषण त्याला असे चिकटले की, त्याला कादंबरी म्हणावे की नाही याच्या चर्चेतच समीक्षेची बरीच शक्ती खर्ची पडली. भालचंद्र नेमाड्यांनी ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ यांना मराठी कादंबरीतील तीन प्रवृत्तींचे आद्य नमुने मानले, तेव्हा कुठे या ग्रंथाला परंपरेच्या आरंभस्थानी जागा मिळाली. तोपर्यंत ग्रंथाच्या प्रसिद्धीला शतकाहून अधिक काळ लोटला होता.

अशी दाद पदमनजींना हयातीत मिळणे शक्यच नव्हते. त्यांच्या लेखनाचा पसारा पाहिला की ते तिची वाट पाहत बसले होते असेही वाटत नाही. ‘सत्यदीपिका’सारखे नियतकालिक, मोल्सवर्थच्या कोशाचा १८६३ मधील संक्षेप, ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र, शिवाय असंख्य निबंध आणि पुस्तिका. कोशाचे काम प्रतिभेच्या लहरीवर चालत नाही आणि नियतकालिकाचा अंक ठरल्या दिवशी काढावाच लागतो. मिशनरी व्यवस्थेने मराठी ख्रिस्ती लेखकाला पुष्कळ बंधने घातली. परंतु नेमाने लिहिण्याची एक चौकटही तिनेच पुरवली. या चौकटीत पुष्कळसे सामान्य लेखन झाले हे खरे. तरी तिच्यावाचून असामान्यही झाले नसते, याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

टिळकांच्या बाबतीत हे नाते अधिक गुंतागुंतीचे होते. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या परिघात ते काम करू लागले आणि १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग त्यांनी सांभाळला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते म्हणत. या उद्गाराकडे धर्मसमन्वयाचे वाक्य म्हणून पाहिले जाते. वाङ्मयीन दृष्टीने ते आकृतिबंधाविषयीचे विधान आहे. परक्या चालीवर बेतलेल्या गीतांऐवजी अभंग, भजन आणि कीर्तन त्यांनी उपासनेत आणले. त्यामुळे लेखकाला सर्वांत अधिक हवी असणारी गोष्ट त्यांना मिळाली : शब्द लिहिताच तो गाणारी माणसे.

पण व्यापक मराठी वाङ्मयाशी असलेला धागाही त्यांनी तोडला नाही. त्यांच्या घरी बालकवी ठोमरे राहत होते आणि १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनाशीही टिळकांचा संबंध होता. दोन्ही वाचकवर्गांशी एकाच वेळी बोलू पाहणारा हा कवी. समीक्षेने मात्र त्याची वाटणी केली. ‘फुलामुलांचे कवी’ ही उपाधी प्रेमाने दिली गेली, यात संशय नाही. पण तिने निसर्गकविता आणि बालकविता तेवढी मराठी साहित्यात घेतली आणि अभंग चर्चकडे परत पाठवले. ज्या अभंगांत टिळकांची भाषा सर्वाधिक निश्चिंत आहे, ते अशा रीतीने अभ्यासाबाहेर राहिले.

‘ख्रिस्तायन’ दहा अध्यायांपाशी का अडले याचे उत्तर काही अंशी या अष्टपैलूपणात आहे. संपादन, कीर्तने, पदे, आणि १९१७ मध्ये मिशनच्या चाकरीतून बाहेर पडून उभारलेला ‘देवाचा दरबार’. ‘स्मृतिचित्रे’मधील टिळक एका कामातून दुसऱ्यात झेप घेणारे, घरात न सांगता निघून जाणारे, हातातले पैसे देऊन टाकणारे आहेत. लहान रचनेला अशी वृत्ती मानवते, महाकाव्याला नाही. येथे समीक्षकाने थोडा निष्ठुरपणा पत्करावा : टिळकांची श्रद्धा प्रखर होती, तरीही तिच्या बळावर दहा वर्षांत हे काव्य पुरे झाले नाही.

ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. नाशिकजवळच्या जलालपूरच्या, मूळच्या मनकर्णिका गोखले. शालेय शिक्षण जवळजवळ नाही. सोवळ्याओवळ्याचा अतिरेक करणाऱ्या वडिलांच्या घरी बालपण. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षांचा वियोग. आणि १९०० मध्ये स्वतःचा बाप्तिस्मा. त्यांचे धर्मांतर एका क्षणाच्या साक्षात्काराचे नव्हते. आपल्या जुन्या समजुती त्या एकेक करून तपासत गेल्या, आणि पुढे त्यांच्याविषयी लिहिताना हसत गेल्या. ओवी त्यांना ग्रंथांतून शिकावी लागली नसावी. जात्यावरची आणि पोथीची ओवी त्या काळच्या कोणत्याही मराठी स्त्रीच्या कानात असे. टिळकांनी निवडलेले वृत्त जणू त्यांचीच वाट पाहत होते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण मोहापलीकडची वस्तुस्थिती अशी की, ६४ अध्याय वृत्ताच्या सोयीने लिहून होत नाहीत. एका जागी बसून, रोजच्या प्रपंचातून वेळ काढून, आधीच ठाऊक असलेली कथा पुन्हा नव्याने सांगण्याची शिस्त त्याला लागते.

‘स्मृतिचित्रे’विषयीची रूढ समीक्षा येथे अपुरी पडते. ‘निर्व्याज’, ‘सहजस्फूर्त’, ‘बोलल्यासारखे’ ही त्या ग्रंथाबद्दलची विशेषणे इतकी रुळली आहेत की, ती लिहिणारी बाई जवळपास लेखिकाच नव्हे, नुसतीच गोष्टीवेल्हाळ गृहिणी होती असा समज दृढ होतो. वास्तविक पतीच्या निधनानंतर ज्या सतरा वर्षांत हे आत्मचरित्र आकाराला आले, त्याच वर्षांत त्यांच्या हातून हे दीर्घ कथाकाव्यही घडत होते. प्रसंग कोठे तोडावा, संवादाला किती जागा द्यावी, करुणाच्या ऐन भरात विनोद कसा आणावा, हे कसब केवळ स्वभावातून आले असे मानणे म्हणजे एका लेखिकेचे काम तिच्या स्वभावाच्या नावावर जमा करणे होय. ओवीने त्यांचे गद्य घडवले असे सिद्ध करण्यास दोन्ही संहितांचा शैलीवैज्ञानिक अभ्यास लागेल. तो होण्यापूर्वी ‘सहजते’चा निर्वाळा देणे मात्र थांबवता येईल.

दोन्ही ग्रंथांचा उगमही सारखाच आहे. ‘ख्रिस्तायन’ हे पतीचे अपुरे राहिलेले काम. ‘स्मृतिचित्रे’चा आरंभ झाला तो मुलाला, देवदत्त टिळकांना, वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या म्हणून. स्वतःच्या नावाची आकांक्षा दोहोंच्या मुळाशी नाही. या गोष्टीला स्त्रीच्या आत्मविलोपाचे उदाहरण म्हणून पाहता येईल आणि तसे पाहण्यात तथ्यही आहे. परंतु याच कारणाने दोन्ही वाचकवर्गांच्या अनुमोदनाची गरज लक्ष्मीबाईंना टिळकांइतकी भासली नाही. काम समोर होते, ते कोणाला तरी हवे होते, आणि ते पुरे होत नव्हते. पदमनजींना जी चौकट नियतकालिकाने दिली, ती त्यांना घराने दिली. श्रद्धा होतीच, पण श्रद्धेला रोजचे काम लागते, हे त्यांनी टिळकांपेक्षा अधिक जाणले होते.

दोन वाचकवर्गांमधील भिंत त्यानंतरही ढासळली नाही. ‘सुवार्ता’चे संपादन दीर्घकाळ करणारे आणि ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादेमीचा अनुवाद पुरस्कार मिळवणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा विरोधाचा सूर उमटला तो त्यांच्या ग्रंथांबद्दल नव्हे, त्यांच्या धर्मोपदेशकत्वाबद्दल. पदमनजींच्या पुस्तकावर जो आक्षेप होता, तो येथे लेखकाच्या झग्यावर आला.

‘ख्रिस्तायना’चे काव्यमूल्य किती, हा प्रश्न या सर्वांहून वेगळा आहे आणि त्याचे उत्तर प्रतिकूलही येऊ शकेल. मात्र ते येण्यासाठी काव्य वाचले जावे लागेल. १९३४ मध्ये ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग बाहेर पडला आणि मराठी वाचकाने लक्ष्मीबाईंना आपले म्हटले. ‘ख्रिस्तायन’ तेव्हा अप्रकाशितच होते, आणि ते छापून आले तेव्हा पाहायला त्या उरल्या नव्हत्या.