हिरडीखालचे कुंपण

श्रोतेहो, आपण शेताला कुंपण घालतो ते पीक राखावे म्हणून. पण कुंपणावरच कीड बसली तर? दातांच्या वैद्यकात हाच पेच उभा राहिला. त्याची हकिगत आज ऐकू या.

ती सुरू होते हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी. आंतोनी व्हान लेवेनहूक हा तिथला कापडाचा व्यापारी. भिंगे घासण्याचा त्याला भारी नाद. तो रोज मिठाने दात घाशी. तरीही फटीत पांढरे किटण उरे. १६८३ साली त्याने ते पाण्यात कालवून भिंगाखाली धरले, आणि पाहतो तो काय, त्यात असंख्य जीव वळवळताहेत! त्याने व्हिनेगरने, म्हणजे शिरक्याने, दात धुऊन पाहिले. किटणाच्या वरच्या थरातले जीव मेले, आतले जिवंतच राहिले. ही गोष्ट ध्यानात ठेवा बरं का, पुढे कामाला येईल.

या जंतूंचा हिरडीच्या रोगाशी संबंध काय? डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांचे सहकारी यांनी १९६५ साली तो दाखवला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे बंद केले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागताच त्या बऱ्या झाल्या.

पण वर्षानुवर्षे हयगय झाली, की किटण हिरडीखाली उतरते. दाताला हाडाशी बांधणारे तंतू तुटतात, हाड झिजते, दात हलू लागतो. डॉक्टर मूळ साफ करतात. पण मोकळ्या जागेत हिरडीची त्वचा तणासारखी झपाट्याने वाढते, आणि तंतूंचे सावकाश येणारे पीक मागे पडते. १९८२ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या स्टुरे नीमन आदी संशोधकांनी खालच्या एका पुढच्या दाताशी, हिरडी आणि मूळ यांच्या मधे, गाळणीचा बारीक पडदा बसवला. तीन महिन्यांनी तपासले, तर मुळावर नवे तंतू धरलेले! पुढे टेफ्लॉनचे पडदे आले, मग शरीरात विरघळणारे कोलॅजेनचेही आले.

आता पेच पाहा. हिरडी मागे सरली की पडद्याची कड उघडी पडते. लाळेतले जंतू तिथे थर धरतात आणि पडद्यावरून आत शिरतात. १९९० नंतरच्या दशकातील तपासण्यांत दिसले, की काढलेल्या पडद्यावर जंतू जास्त, तिथे नव्या तंतूंचा लाभ कमी. काही जंतू तर कोलॅजेनच कुरतडतात, त्यामुळे पडदा वेळेआधी विरतो. औषध द्यावे, तर ते थराच्या आत सहज पोचत नाही. लेवेनहूकचा शिरका आठवला ना?

म्हणून शस्त्रक्रियेआधी तोंड निर्मळ करतात, पडदा हिरडीने पूर्ण झाकतात, नंतर औषधी चुळा भरायला सांगतात. जंतूंनी ग्रासलेला पडदा वेळीच काढावाही लागतो. तंबाखू सोडा असेही सांगतात, कारण धूम्रपानाने जखम नीट भरत नाही.

गुरुजनहो, एवढे वर्गात अवश्य सांगा: घासताना रक्त येणे ही हिरडीची हाक आहे. तेव्हा मशेरी लावू नये. हिरडीच्या कडेने हळुवार ब्रश फिरवावा आणि दातांच्या डॉक्टरांना दाखवावे. तंतू शाबूत आहेत तोवर या कुंपणाची गरजच पडत नाही.