तीन रेस, तिन्ही वेळा एकच विजेता आणि मग शांतता : भारतातल्या फॉर्म्युला वन रेसचं नेमकं झालं काय?

तारीख होती ३० ऑक्टोबर २०११. दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडामध्ये सचिन तेंडुलकर हातात झेंडा घेऊन उभा होता, पण मैदान क्रिकेटचं नव्हतं आणि झेंडा होता काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा. समोरून ताशी शेकडो किलोमीटरच्या वेगाने सेबास्टियन वेटेलची रेड बुल कार आली, सचिनने झेंडा फडकवला आणि भारतातली पहिली फॉर्म्युला वन रेस संपली.

त्या दिवशी सुमारे ९५ हजार लोक स्टँडमध्ये होते. भारत आता दरवर्षी फॉर्म्युला वनच्या नकाशावर दिसणार, असंच सगळ्यांना वाटत होतं. करारही पाच वर्षांचा होता. प्रत्यक्षात रेस झाल्या तीनच. असं का झालं, ते समजून घेऊ.

ओपन-व्हील कार म्हणजे काय?

आपल्या नेहमीच्या गाडीची चाकं बॉडीच्या आत असतात, वरून मडगार्ड असतं. फॉर्म्युला वनच्या कारची चारही चाकं बॉडीच्या बाहेर, उघडी असतात. ड्रायव्हर एकटाच बसतो. पुढे-मागे असलेले विंग हवेचा दाब वापरून गाडीला रस्त्यावर दाबून धरतात, म्हणून वळणावरही वेग फारसा कमी करावा लागत नाही. २०११ च्या नियमांनुसार ड्रायव्हरसकट गाडीचं वजन किमान ६४० किलो असायचं आणि २.४ लिटरचं व्ही-८ इंजिन मिनिटाला १८ हजार फेरे मारायचं.

उघड्या चाकांचा धोका असा, की दोन गाड्यांची चाकं एकमेकांना भिडली तर एखादी गाडी उडूही शकते. चाकं वाचली तरी पुढचा विंग तुटायला हलकासा धक्का पुरतो. पहिल्याच भारतीय रेसमध्ये लुईस हॅमिल्टन आणि फेलिपे मासा एकमेकांना धडकले. हॅमिल्टनचा विंग तुटला आणि मासाला दंड म्हणून पिट लेनमधून एक फेरी मारावी लागली. नंतर मासाची गाडी ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर आदळली, सस्पेन्शन मोडलं आणि त्याची रेस तिथेच संपली.

ट्रॅक कसा होता?

रेसचे ट्रॅक मुख्यतः दोन प्रकारचे. मोनॅकोसारख्या ठिकाणी शहरातले रोजचे रस्ते काही दिवस बंद करून रेस होते. दुसरा प्रकार म्हणजे फक्त रेसिंगसाठी बांधलेला कायमस्वरूपी ट्रॅक. यात डावी-उजवी वळणं, चढ-उतार, पिटचे गॅरेज आणि गाडी घसरली तर थांबायला कडेला मोकळी जागा असं सगळं असतं.

ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट दुसऱ्या प्रकारचं. हा भाग गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात येतो, म्हणून हे नाव. जेपी ग्रुपने ते बांधलं आणि जगभरातले अनेक ट्रॅक आखणाऱ्या जर्मनीच्या हरमान टिल्के यांनी आराखडा केला. एक फेरी ५.१२५ किलोमीटरची, वळणं १६ आणि रेस ६० फेऱ्यांची. तिसऱ्या आणि चौथ्या वळणाच्या मध्ये एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा. काही वळणांच्या तोंडाशी रस्ता मुद्दाम रुंद ठेवला होता, म्हणजे मागच्या ड्रायव्हरला ओव्हरटेकसाठी आत शिरायला जागा मिळेल.

ड्रायव्हर मंडळींना ट्रॅक आवडला. तक्रार होती ती धुळीची. ट्रॅक नवीन, वर्षभर त्यावर फारशा गाड्या धावत नसत, त्यामुळे गाड्या जिथून जातात ती ओळ सोडली की टायरची पकड सुटायची. पहिल्या सराव सत्रात तर चक्क एक भटका कुत्रा ट्रॅकवर आला आणि लाल झेंडा दाखवून सत्र थांबवावं लागलं.

भारतीयांचं काय?

पहिल्या रेसमध्ये नारायण कार्तिकेयन एचआरटी संघाकडून उतरला आणि १७ वा आला. करुण चंढोकला टीम लोटसने फक्त शुक्रवारच्या सरावात गाडी दिली, रेसमध्ये नाही. भारतीय मालकीच्या फोर्स इंडिया संघाच्या एड्रियन सुटिलने नववा क्रमांक मिळवून घरच्या प्रेक्षकांसमोर दोन गुण कमावले.

जिंकण्याचं म्हणाल, तर २०११, २०१२ आणि २०१३ या तिन्ही वर्षी पोल पोझिशनही वेटेलची आणि रेसही त्याचीच. २०१३ मध्ये तो इथेच सलग चौथ्यांदा विश्वविजेता झाला, तेव्हा त्याचं वय होतं २६. आनंदाच्या भरात त्याने गाडी जागच्या जागी गोल फिरवून धूर काढला आणि उतरून गाडीसमोर वाकून नमस्कार केला. नियमाप्रमाणे त्याने गाडी थेट ठरलेल्या जागी न्यायला हवी होती, म्हणून त्याला समज मिळाली आणि संघाला २५ हजार युरोचा दंड बसला.

मग गाडी अडली कुठे?

अडली एका साध्या प्रश्नावर. फॉर्म्युला वन हा खेळ आहे की मनोरंजन?

ऐकायला गंमत वाटते, पण उत्तरावर पैसा अवलंबून होता. खेळ म्हटलं तर करात सवलत, मनोरंजन म्हटलं तर कर. उत्तर प्रदेश सरकारने करमणूक करातून सूट दिली होती. त्या सवलतीविरुद्ध जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि पहिल्या रेसच्या काही दिवस आधी न्यायालयाने तिकीटविक्रीतली २५ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितली. त्यात परदेशातून येणाऱ्या गाड्या, इंजिनं, टायर यांच्यावरच्या सीमाशुल्काचा आणि संघांच्या व्हिसाचा गुंता होताच.

दुसरा वाद प्राप्तिकराचा. रेस भरवण्याच्या हक्कासाठी आयोजकांनी ब्रिटनमधल्या फॉर्म्युला वन कंपनीला वर्षाला ४ कोटी डॉलर द्यायचे होते. कंपनीचं म्हणणं असं, की आम्ही वर्षातून काही दिवस येतो, भारतात आमचं कायमचं ठिकाण नाही, मग इथे कर कशाचा? एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं. दिवस थोडे असले तरी त्या काळात ट्रॅकचा ताबा कंपनीकडेच असतो, तिचा धंदा तिथूनच चालतो, म्हणून हे तिचं भारतातलं कायमस्वरूपी ठिकाणच आहे आणि इथल्या कमाईवर इथे कर लागेल, असा निकाल लागला.

पण निकाल येईपर्यंत रेस कधीच गेली होती. २०१४ च्या वेळापत्रकातून भारत वगळला गेला. तेव्हा सांगितलं गेलं, की २०१५ च्या हंगामाच्या सुरुवातीला रेस परत येईल. ती आली नाही.

आज काय स्थिती?

ट्रॅक जागेवरच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे मोटोजीपीची बाईक रेस झाली आणि इटलीचा मार्को बेझेकी जिंकला. मात्र ट्रॅकचा मालक असलेला समूह कर्जात बुडाला. थकबाकीमुळे यमुना एक्सप्रेसवे प्राधिकरणाने २०२० मध्ये जमिनीचं वाटप रद्द केलं, तो वाद कोर्टात गेला. समूहातली मुख्य कंपनी जयप्रकाश असोसिएट्स २०२४ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली.

दरम्यान ओपन-व्हील रेसिंग भारतात शहरांच्या रस्त्यांवर आलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादेत हुसेनसागरच्या काठावर इलेक्ट्रिक गाड्यांची फॉर्म्युला ई रेस झाली. पुढच्या वर्षीची रेस मात्र रद्द झाली. २०२४ मध्ये चेन्नईत रात्रीच्या प्रकाशात फॉर्म्युला फोरच्या गाड्या धावल्या.

ट्रॅक बांधायला पैसा आणि इंजिनियर लागतात, ते भारताकडे होते. रेस दरवर्षी भरायची तर कर, परवाने आणि जमीन यांची उत्तरं आधी तयार हवीत. ती नव्हती, म्हणून बुद्ध सर्किटवरचा फॉर्म्युला वनचा सर्वात वेगवान रेस लॅप आजही वेटेलच्याच नावावर आहे : १ मिनिट २७.२४९ सेकंद, वर्ष २०११.