पाषाणांतील गोगलगाय व आपल्या भूमीचें वय

बीड येथील कंकालेश्वराचें देऊळ तळ्याच्या पाण्यांत उभें आहे. पाऊस बरा झाला असेल त्या वर्षीं कांठाशीं क्षणभर वांकून पाहिल्यास पाण्यांतील दगडांवर दोन प्रकारच्या गोगलगाई दिसतात. एक भोवऱ्यासारखी निमुळती, दुसरी चुंबळीसारखी चपटी व वेटोळी. देवदर्शनास जाणाऱ्या मंडळींचें लक्ष त्यांच्याकडे जात नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंही कित्येक वर्षें गेलें नव्हतें. परंतु ज्या काळ्या पाषाणाचें तें देऊळ घडविलें आहे, त्या पाषाणाचें वय ठरवितांना विद्वानांनीं जिला साक्षीदार म्हणून उभी केली, ती अशीच एक गोगलगाय होती. तिची साक्ष कितपत खरी ठरली, हें येथें पाहूं.

दख्खनचा काळा पाषाण लाव्हारसाचा बनला आहे, हें आतां शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. पण तो रस एकदांच वाहिला नाहीं. एक लोट थिजावा, मध्यें बराच काळ जावा आणि मग दुसरा लोट यावा, असें पुनः पुनः घडलें. त्या मधल्या शांततेंत खडकाच्या खळग्यांत पावसाचें पाणी सांठे, तळीं होत, कांठीं झाडें वाढत, तळाशीं गाळ बसे. आणि पुढचा लोट येऊन तें सर्व झांकून टाकी. बालाघाटांत रस्त्यासाठीं कापलेल्या दरडींत काळ्या थरांच्या मध्यें तांबड्या मातीचे पट्टे दिसतात, ते अशाच विश्रांतीच्या खुणा होत. मात्र तळ्यांचा खरा गाळ, शंखशिंपल्यांसह, बीडसारख्या आंतल्या मुलुखांत फारसा उघडा पडलेला नाहीं. तो पाहावयाचा तर लाव्ह्याच्या पसाऱ्याच्या कडेस, गाविलगड, निर्मळचे डोंगर, छिंदवाडा आणि विशेषतः नागपूर येथें जावें लागतें.

गाविलगडावरील शंखांची नोंद त्रिकोणमितीय पाहणीबरोबर फिरणारे डॉक्टर व्हॉयसी यांनीं केली. ते १८२४ सालीं वारले. पुढें मद्रासच्या सैन्यांतील डॉक्टर माल्कमसन यांनीं निर्मळच्या बाजूचे शंख गोळा केले, आणि १८४० सालीं सॉवर्बी यांनीं त्यांतील सर्वांत ठळक गोगलगायीस ‘फायसा प्रिन्सेपाय’ असें नांव दिलें. ही अंगठ्याएवढी, क्वचित् त्याहूनही मोठी. तिचें वेटोळें युरोपीय शास्त्रज्ञांच्या भाषेंत डावें. आपल्या देवघरांत ज्या दक्षिणावर्ती शंखाचें एवढें माहात्म्य, त्याचें वळणही शास्त्रज्ञ डावेंच म्हणतात. समुद्रांतील शंखांत तें दुर्मिळ, या गोगलगायींत मात्र तेंच नेहमींचें. तेव्हां दक्षिणावर्ती शंखांचे थरच्या थर आपल्या पायांखालीं पडले आहेत, असें कोणी म्हटल्यास तें अगदींच खोटें ठरणार नाहीं.

या विषयांतील मुख्य पुरुष म्हणजे स्टीफन हिस्लॉप. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आले. धर्मप्रसार व शाळा हें त्यांचें काम. पण सीताबर्डी व टाकळी येथील खडकांनीं त्यांचें मन जें वेधून घेतलें, तें अखेरपर्यंत. सहकारी हंटर यांच्यासह त्यांनीं शंख, शिंपले, बिया, फळें, कीटकांचे अवशेष जमविले, आणि १८६० सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकांत शंखांचें सविस्तर वर्णन छापलें. टाकळी व नागपूर हीं नांवें त्या लेखांतून लॅटिन वेष घेऊन जगाच्या शास्त्रांत गेलीं. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटचीं शिळावर्तुळें पाहून परततांना हा मनुष्य बोरीजवळ नाल्याच्या पुरांत बुडाला.

हिस्लॉप यांच्यापुढें दोन प्रश्न होते. पहिला रूपाचा. एकाच गाळांतील फायसा पाहावी तर कोणी सरळ बांध्याची, कोणी लांबट, कोणी फुगीर. या तीन जाति कीं एकीचींच तीन रूपें? त्यांनीं तीं एकाच जातीचीं रूपें मानलीं, हा संयम आम्हांस मोठा वाटतो. लहान शंखांच्या बाबतींत मात्र तो त्यांना साधला नाहीं, व किंचित् फरकावरून त्यांनीं नवीं नांवें दिलीं. दुसरा प्रश्न वयाचा. युरोपांतील शंखांशीं ताडून त्यांनीं हा गाळ तृतीयक युगाच्या आरंभींचा, म्हणजे ईओसीन काळचा, असा निर्णय दिला. ब्लॅनफर्ड प्रभृति भूगर्भशास्त्रज्ञ दख्खनचा पाषाण त्याहून जुना, क्रिटेशस काळचा म्हणत. १९३४ सालीं बिरबल साहनी यांनीं वनस्पतींच्या आधारें पुनः तृतीयकाचा पक्ष उचलून धरला. वाद मिटला तो १९८० नंतर, खडकांतील किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून वय काढतां येऊं लागल्यावर. मुख्य लाव्हा सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींचा, क्रिटेशस संपून तृतीयक लागतें त्याच उंबरठ्यावरचा ठरला. ईओसीन त्यानंतर एक कोटी वर्षांनीं येतो. साक्षीदार एवढा चुकला!

तो कां चुकला, याचें उत्तर गोगलगायीच्या स्वभावांत आहे. गोड्या पाण्यांतील शंखाचा आकार पाण्याचा चुना, प्रवाह व अन्न यांप्रमाणें बदलतो. उलट दूरच्या दोन वंशांना एकाच परिस्थितींत एकच रूप येऊं शकतें. भारतीय प्राणिविज्ञान सर्वेक्षणाचे संस्थापक अ‍ॅनन्डेल यांनीं ब्रह्मदेशांतील इन्ले सरोवरांत हेंच अभ्यासिलें. तेथील ताइया नामक गोगलगायीचे शंख सरोवराच्या आंत नक्षीदार व गांठाळ, तर भोंवतालच्या पाण्यांतील तिच्या आप्तांचे बरेच साधे. निव्वळ नक्षी पाहून वंश ठरविणें म्हणजे पागोटें पाहून गोत्र सांगण्यासारखें आहे.

याच अ‍ॅनन्डेल यांनीं १९२० सालीं आमच्या फायसेचा विचार करून तिचें नातें आफ्रिकेतील ब्युलिनस या गोगलगायीशीं जोडलें. आणि येथें बीडच्या तळ्यांतील ती चपटी चुंबळ पुनः आमच्यापुढें येते. तिचें शास्त्रीय नांव इंडोप्लॅनॉर्बिस एक्सुस्टस. ब्युलिनसचा शंख उंच, हिचा चपटा. दिसण्यांत कांहीं साम्य नाहीं, पण जनुकें तपासतां ती ब्युलिनसची अगदीं जवळची बहीण निघाली. मग ती दगडांतल्या फायसेची थेट वारस असेल काय? कल्पना मोहक आहे. परंतु २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाचा कल असा कीं, हिचे पूर्वज फार उशिरां, पश्चिम आशियाच्या वाटेनें इकडे आले. २०१७ सालच्या दुसऱ्या अभ्यासानें तर ही एक जाति नसून बाहेरून सारख्या दिसणाऱ्या अनेक वंशशाखा आहेत, असें दाखविलें. शेतकऱ्याच्या दृष्टीनेंही हें क्षुल्लक नव्हे. गुरांच्या नाकांत गांठी उठवून त्यांचा श्वास घोरता करणाऱ्या परजीवी कृमीचें बालपण याच गोगलगायीच्या अंगांत जातें, आणि कोणती शाखा कोणता कृमि पोसते हें शंख पाहून कळत नाहीं.

जिवंत गोगलगायीची अशी दुसरी परीक्षा घेतां येते. दगडांतलीची येत नाहीं. सहा कोटी वर्षें जनुकें टिकत नाहींत. तिच्यापाशीं रूपाखेरीज कांहीं उरलें नाहीं.

आणि तें रूपही कधीं कधीं अनपेक्षित गोष्ट सांगतें. अ‍ॅनन्डेल यांना फायसेच्या शंखांत स्पंजानें पोखरलेलीं बारीक छिद्रें सांपडलीं. हा स्पंज ज्या कुळांतला, त्याचें घर बहुधा समुद्र. गोड्या पाण्याच्या तळ्यांत तो कसा आला? २००९ च्या सुमारास छिंदवाड्याजवळ झिलमिली येथील तशाच गाळांत समुद्रांत तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांचीं कवचें निघालीं. म्हणजे समुद्राचा एखादा फांटा तेथवर पोंचला होता. टाकळीचीं तळीं त्या खाऱ्या पाण्यापासून किती दूर होतीं, हें शोधावयास आतां अडचण आहे. कारण हिस्लॉप ज्या टाकळीस दगड फोडावयास जात, ती आज नागपूर शहरांत सामावली असून तेथें घरें व रस्ते झाले आहेत.