संध्याकाळची हजेरी

परवा नातीच्या शाळेची पिवळी बस फाटकाशी आली. बसमधल्या ताईंनी यादी पाहून एकेक मूल मोजून घेतलं आणि मगच दार लावलं. मला माझी खेड्यातली शाळा आठवली. मीही मुलं मोजायचो, पण फक्त सकाळी!

खेड्यातल्या मुलांची स्कूल बस म्हणजे आपली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. पुढे रस्ते झाले तशी ती आडगावांपर्यंत पोचली आणि सवलतीच्या पासामुळे परगावच्या हायस्कुलात जाणं गरिबाच्या मुलालाही जमू लागलं. १९९६-९७ पासून अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या पाचवी ते दहावीच्या मुलींना पास मोफत झाला. (नंतर बारावीपर्यंत.) माझ्या वर्गातली मुलींची बाकं खरी भरली ती तेव्हा.

पण शाळा सुटायच्या वेळेची गाडी एकच. ती चुकली की जीप. आत मोठी माणसं, मागच्या फळीवर मुलं, टपावर दप्तरं. एका पावसाळ्यात अशीच एक जीप चारीत कलंडली. जीव सगळ्यांचे वाचले, पण आठवीतल्या एका मुलीचा हात मोडला. हात दीड महिन्यात जुळला, शाळा मात्र कायमची सुटली. "गुरुजी, पोरगी जिती हाय, तेवढं बास झालं," तिचे वडील म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दिल्लीत १८ नोव्हेंबर १९९७ रोजी मुलांनी खच्चून भरलेली शाळेची बस वजिराबाद पुलावरून यमुनेत कोसळली. २८ मुलं गेली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीसाठी आदेश दिले. शाळेच्या बसचं दार बंद होणारं हवं, चालक अनुभवी हवा, सोबत वाहक हवा. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्कूल बसचे स्वतंत्र नियम केले. बसमध्ये मदतनीस आला, शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती आली. नातीच्या बसमधल्या ताई त्या नियमांमुळेच. नियम चांगले आहेत. पण जिथे वेळेवर गाडीच नाही, तिथे नियम लावायचा कशाला?

म्हणून मला मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या गाड्यांचं मोल जास्त वाटतं. मागास तालुक्यांत त्या मुलींसाठी शाळेच्या वेळेला धावू लागल्या. आणि २०२१-२२ च्या संपात एस.टी. थांबली, तेव्हा गाडी नसली की काय होतं तेही दिसलं. कितीतरी मुलं पुन्हा पायी, नाहीतर जीपला लोंबकळत!

आम्ही लोंबकळणाऱ्या मुलांना प्रार्थनेनंतर उभं करून रागावत असू. आता कळतं, ती मुलांची बेशिस्त नव्हती, वेळापत्रकातली उणीव होती. मी एकदाही संध्याकाळी फाट्यावर जाऊन किती मुलं मागे राहतात ते मोजलं नाही. मोजलं असतं तर जादा फेरीच्या अर्जात लिहायला एक आकडा तरी असता.

असो. तुमच्यापैकी जे अजून खेड्यात शिकवतात त्यांना एवढंच सांगणं, एक हजेरी संध्याकाळी फाट्यावरही घ्या.