घर्षणावर चालणारी गिअरची दांडी
मुंबई-पुणे सायकल शर्यतीच्या वाटेवर पनवेल लागतं, मग खोपोली आणि पुढे बोरघाट. घाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. हा चढ गिअरशिवाय जड. शर्यतीच्या जुन्या सायकलींवर गिअर बदलायला साधी दांडी असे. मागची स्प्रिंग तार ओढत राही. चकत्यांमधलं घर्षण दांडीला जागीच धरून ठेवी. साखळी नीट बसली की खरखर थांबे. ते कानानंच ओळखायचं. १९८४ मध्ये जपानच्या शिमानो कंपनीनं आणलेली, खाचेत 'टक्' करून बसणारी दांडी रुजली. पण तार जरा सैलावली की खाचा चुकतात. घर्षणाची दांडी केसभर सरकवली की भागतं. घर्षण म्हणजे नुकसान, असं आपण वर्गात सांगतो. तेव्हा ही दांडीही दाखवूया.