टंकलेखन यंत्राचे कान

कळमेश्वरच्या एखाद्या शाळेत जुने टंकलेखन यंत्र पडून असेल, तर ते मुलांसमोर उघडा. प्रत्येक अक्षराची आतली हालचाल वेगळी दिसेल.

१९८४ साली मॉस्को व लेनिनग्राड येथील अमेरिकी वकिलातींच्या १६ विजेवरील यंत्रांत अशीच हालचाल चुंबकीय बदलांवरून टिपणारी उपकरणे क्ष-किरणांनी सापडली. ती रेडिओ लहरींनी संदेश पाठवीत. सोव्हिएत हेर त्यांतून अक्षरे ओळखत. यंत्रे मात्र अमेरिकी बनावटीचीच!

२३ जुलै २०२० रोजी भारताने सरकारी खरेदीसाठी सीमेलगतच्या काही देशांतील पुरवठादारांवर नोंदणीची अट घातली. लष्करी कचेऱ्यांची खरेदीही तीत आली. पुरवठादाराचा देश पाहावाच. पण यंत्र कोणाच्या हातांतून आले, हेही पाहावे. त्यासाठी ते उघडून समजून घेणारी माणसे हवीत. त्यांची सुरुवात वर्गातच होते.